कोंडवाड्याचा दंड कोणी भरायचा?

मोलोकाई हे नाव आपल्याला परके नाही. संत डेमियन यांची गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली नाही, असा आपल्या धर्मग्रामातला माणूस विरळाच. १८७३ च्या मे महिन्यात हे तरुण बेल्जियन धर्मगुरू हवाई बेटांपैकी मोलोकाईच्या किनाऱ्यावर, कलाउपापा येथे उतरले. कुष्ठरुग्णांच्या जखमा त्यांनी धुतल्या, त्यांच्यासाठी घरे उभारली, त्यांच्या शवपेट्या स्वतःच्या हातांनी केल्या, आणि १८८९ साली त्याच रोगाने तिथेच देह ठेवला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

आज आम्ही लिहिणार आहोत ते त्याच बेटाविषयी, पण संत डेमियन यांच्याविषयी नव्हे. त्यांच्या पाच वर्षे आधी तिथे उतरलेल्या दुसऱ्या काही पाहुण्यांविषयी.

१८६८ साली हवाईचा राजा पाचवा कामेहामेहा याला हाँगकाँगहून एक भेट आली. आठ चितळ. मूळचे ते आपल्याच देशातले. अंगावर पांढरे ठिपके, मोठे ओले डोळे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सहलीला गेलेल्या मुलांनी पाहिलेले. राजाने ते मोलोकाईवर सोडून दिले आणि त्यांना अभय दिले. त्यांना कोणी मारायचे नाही, असा हुकूम निघाला. याच राजाने तीन वर्षे आधी, १८६५ साली, कुष्ठरुग्णांना समाजापासून वेगळे काढण्याच्या कायद्यावर सही केली होती. १८६६ च्या जानेवारीपासून माणसे याच मोलोकाईच्या उत्तर टोकाला, तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला भिंतीसारखा उभा कडा अशा जागी आणून सोडली जात होती. सक्ती उठली ती थेट १९६९ साली. तोपर्यंत सुमारे आठ हजार माणसे तिथे गेली. म्हणजे एकाच बेटावर हरणांना मोकळे रान आणि माणसांना बंदिवास. राजाला दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. साथीपुढे तो हतबल होता आणि हरणे त्याला शोभेची वाटली. पण या बेटावर कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे हा प्रश्न आज पुन्हा उभा आहे, आणि तो सोडवताना ही जुनी गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

प्रश्न असा आहे. चितळ, शेळ्या आणि डुकरे यांनी मोलोकाईचे मूळ जंगल खाऊन टाकत आणले आहे. जंगल परत आणायचे तर ही जनावरे तिथून काढावी लागतात, आणि काढणे म्हणजे बहुतेक वेळा मारणे. हे योग्य आहे का?

आधी जंगलाविषयी थोडे सांगायला हवे. हवाईची बेटे महासागराच्या मधोमध, कोणत्याही खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहेत. वाऱ्याने, लाटेने किंवा पाखराच्या पोटातून जे बी आले तेच तिथे रुजले. खुराचे एकही जनावर तिथे नव्हते. जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी म्हटला तर एक वटवाघूळ. खाणारा नसल्यामुळे हजारो वर्षांत तिथल्या झाडांनी आपली शस्त्रे टाकून दिली. तिथली रासबेरी जवळजवळ बिनकाट्याची आहे. आपल्याकडच्या खाजकुइलीसारखी आग करणारी एक वनस्पती इतर देशांत असते, तिची हवाईतली बहीण मामाकी अजिबात डसत नाही. लोक तिच्या पानांचा चहा करतात. अशा निःशस्त्र जंगलात पहिली डुकरे आली ती पॉलिनेशियन लोकांच्या होड्यांतून. ती लहान होती आणि बरीचशी माणसांच्या घराजवळच राहिली. १७७८ साली कॅप्टन कुकने शेळ्या सोडल्या. १७९३-९४ मध्ये वँकूव्हरने गाई आणि मेंढ्या आणल्या. त्या वेळच्या राजाने, पहिल्या कामेहामेहाने, गाई वाढाव्यात म्हणून त्यांना मारण्यावर बंदी घातली. सगळ्यांचा हेतू चांगला होता. पुढे येणाऱ्या जहाजांना मांस मिळावे, राजाचा मान राहावा, एवढेच.

मोलोकाई हे बेट लांबट आहे. साठेक किलोमीटर लांब, पंधरा-सोळा किलोमीटर रुंद. पूर्वेकडच्या कामाकोऊ डोंगरावर ढग अडतात. तिथल्या ओहिआच्या झाडांवर, त्यांच्या शेवाळ्यावर, खालच्या नेच्यांवर ते पाणी थेंबाथेंबाने साचते आणि हळूहळू जमिनीत उतरते. फादर डेमियन यांनी कलाउपापाला आल्यावर लवकरच जी कामे हाती घेतली त्यांत वस्तीपर्यंत नळाने पाणी आणणे हे एक होते, आणि ते पाणी याच डोंगराच्या दरीतले. जंगल गेले की पाणी थांबत नाही, धावते. दक्षिणेकडच्या उतारावर शेळ्यांनी आणि हरणांनी गवतसुद्धा ठेवले नाही. तिथून पावसाबरोबर लाल माती खाली येते आणि समुद्रात जाते. त्या किनाऱ्याला लागून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास लांबीचा प्रवाळाचा पट्टा आहे, माशांचे घरच म्हणा. त्यावर चिखल बसतो. जुन्या हवाईयन लोकांनी दगडी बांध घालून बांधलेली मत्स्यतळी गाळाने भरून गेली. हा गाळ अडवावा म्हणून १९०२ साली एका साखर कंपनीने तिथे तिवर लावले. हवाईत तिवर मूळचे नाहीच. ते असे माजले की आता तेच उपटण्याची वेळ आली आहे. आपण इकडे खाडीतले तिवर वाचवा म्हणून अर्ज करतो आणि तिकडे लोक ते काढतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. वसईच्या माणसाला हे चटकन कळावे.

आठ चितळांचे काय झाले? तीस-पस्तीस वर्षांत ते हजारोंच्या संख्येत गेले आणि विसावे शतक उजाडताना त्यांना मारण्यासाठी भाडोत्री शिकारी बोलावावे लागले. तेव्हापासून ते कमी-जास्त होत राहिले आहेत. २०२० च्या आणि २०२१ च्या दुष्काळात मोलोकाईवर शेकडो चितळ उपाशी मेले. रस्त्याच्या कडेला सांगाडे पडले होते. जानेवारी २०२१ मध्ये राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली. हे चित्र आम्ही मुद्दाम सांगतो, कारण हरणाला मारू नका म्हणणाऱ्यांना वाटते की न मारले तर हरीण जगते. ताडोबात, कान्हात चितळ वाघाच्या आणि रानकुत्र्यांच्या डोळ्यांसमोर राहतो. तिथे तो जंगल खातो आणि जंगल टिकते. तोच गरीब प्राणी आपल्या राखणदारांपासून तोडून बेटावर नेला तर जंगल संपवतो आणि शेवटी स्वतः उपाशी मरतो. खोट हरणात नाही. ती आहे त्याला उचलून नेण्यात.

गेल्या महिन्यात पत्रिकेच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला तेव्हा दोन तट पडले. एक ज्येष्ठ भगिनी, ज्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवले, त्या म्हणाल्या, "आपणच आणायचे आणि आपणच मारायचे, हा कुठला न्याय? झाडाला दुखत नाही, शेळीला दुखते." वाडीत राबलेले एक काका म्हणाले, "बाई, ज्याची वाडी एका रात्रीत गुरांनी खाल्ली त्याला विचारा." चर्चा लांबली. चहा थंड झाला. आम्ही कोणीच मत बदलले नाही, पण घरी जाताना दोन्ही बाजूंचे ओझे डोक्यावर घेऊन गेलो.

एक गोष्ट मात्र आधी कबूल करायला हवी. आपण रविवारच्या मिस्सानंतर मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभी राहणारी माणसे. बकरा मारला म्हणून हळहळणे आपल्या तोंडी फारसे शोभत नाही. तरीही हेलिकॉप्टरमधून शेळ्यांवर गोळ्या झाडल्या हे ऐकून आपल्याला कसेसेच होते. का? आम्हाला वाटते, त्याचे कारण मारणे हे नाही. जेवणासाठी मारलेल्या जनावराचा आपल्याशी काही संबंध असतो. ते कोणीतरी वाढवलेले असते, आणि वाया जात नाही. डोंगरावर मारून तिथेच टाकलेल्या शेळीचा कोणाशीच संबंध उरत नाही. विनाकारण प्राण्याला यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, अशी आपल्या धर्मसभेची शिकवण आहे. सगळा कस लागतो तो "विनाकारण" या शब्दाशी.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे वळू. झाडाला दुखत नाही, शेळीला दुखते, हे खरेच आहे. पण तराजूच्या एका पारड्यात एक झाड आणि दुसऱ्यात एक शेळी असे हे नाही. ओहिआच्या जंगलात जी पाखरे राहत, त्यांतले मोलोकाईचे काकावाहिए हे लाल पाखरू १९६३ नंतर कोणी पाहिले नाही. २०२३ साली अमेरिकेच्या सरकारने ते नामशेष झाल्याचे नोंदवून संरक्षित यादीतून काढले; त्याच दिवशी हवाईची आणखी सात पाखरे काढली. सगळा दोष डुकरा-शेळ्यांवर टाकता येणार नाही, उंदीर आणि डास यांचाही मोठा वाटा आहे. परंतु रानडुकरे नेच्यांची खोडे फोडून जी डबकी करतात त्यांत पाणी साचते, तिथे डास वाढतात, आणि ते डास पाखरांना मलेरिया देतात. पाखरालाही दुखते. चिखलाखाली गुदमरलेल्या प्रवाळावरचा मासाही मरतो. आपल्याला शेळीचे दुखणे दिसते कारण तिचा डोळा आपल्याकडे वळलेला असतो. बाकीचे मरण गुपचूप होते.

म्हणून आम्ही या निष्कर्षावर आलो आहोत की तिथल्या जंगलाच्या गाभ्यातून जनावरे काढणे योग्य आहे, मारून काढावी लागली तरीही. पण एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. कारण मग प्रश्न येतो तो दंडाचा.

आपल्या गावोगावी पूर्वी कोंडवाडे असत. मोकाट ढोर कोणाच्या शेतात शिरले की शेतकरी ते हाकत नेऊन कोंडवाड्यात घालायचा. मालक दंड भरून ते सोडवायचा. ढोराला कोणी दोषी मानत नसे. त्याला भूक लागली, समोर हिरवे दिसले. दंड मालकाचा. हा न्याय फार जुना आहे. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमांतही तेच सांगितले आहे: ज्याचे जनावर दुसऱ्याच्या शेतात चरले त्याने आपल्या शेतातले उत्तम पीक देऊन भरपाई करावी. उरलेसुरले नव्हे, उत्तम.

मोलोकाईच्या शेळ्यांचा मालक कोण? ज्यांनी त्या सोडल्या ते कधीच मातीत गेले. कुक नाही, राजा नाही, हाँगकाँगहून भेट पाठवणारा नाही. कोंडवाड्याच्या दाराशी उभे राहिले ते आजचे लोक, आणि मालक सापडत नाही म्हणून दंड ढोराकडून वसूल करायचा असा हा प्रकार. लेवीयच्या पुस्तकात प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांची पापे एका बोकडाच्या डोक्यावर ठेवून त्याला रानात हाकलून देत असत. आज बोकड रानातच आहे आणि पाप त्याच्या अंगावर माणसाने ठेवलेलेच आहे. "उपद्रवी", "आक्रमक", "परकी" ही विशेषणे आपण त्याला लावतो तेव्हा आपल्याला हलके वाटते, हे जरा तपासायला हवे. काहोओलावे या शेजारच्या बेटाचे उदाहरण घ्या. शेळ्यामेंढ्यांनी ते उघडेबोडके केले, हे खरे. १९९३ पर्यंत तिथली शेवटची शेळी काढली गेली. पण त्याच बेटावर अमेरिकेच्या नौदलाने १९४१ पासून १९९० पर्यंत बॉम्बफेकीचा सराव केला होता. शेळी बोलू शकत असती तर तिने काय विचारले असते?

"परकी" या शब्दाचे आम्हाला विशेष भय वाटते. आपला धर्म परदेशी, आपली आडनावे परदेशी, हे ऐकत आपल्यातले कित्येकजण मोठे झाले. बाहेरून येणे हा अपराध नव्हे. आपल्या वाडीतली मिरची, पेरू, अननस, काजू, टोमॅटो ही सारी पोर्तुगीजांच्या काळात समुद्रापलीकडून आली. मिरची उपटून टाका म्हटले तर आपल्या घरात बंड होईल. हवाईतही तारोचे कंद होडीतून आले आणि आज तेच तिथले पवित्र अन्न आहे. तेव्हा मापदंड "कुठून आले" हा नसावा. "इथे काय करते" हा असावा. एकदा मूळचे आणि परके अशी नुसती जन्मावरून वाटणी करायची सवय लागली की ती जनावरांवर थांबत नाही. मोलोकाईच्या उत्तर टोकाने हे पाहिले आहे.

आता ज्या भागाने आम्हाला सर्वांत जास्त अस्वस्थ केले तो सांगतो. हवाईच्या मोठ्या बेटावर ज्वालामुखींचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे १९२० च्या दशकापासून १९७० पर्यंत, जवळजवळ अर्धे शतक, शेळ्या पकडल्या आणि मारल्या. एकूण सुमारे सत्तर हजार. आणि १९७० साली मोजले तर उद्यानात हजारो शेळ्या उरलेल्याच होत्या. कारण कुंपण नव्हते, आणि काम कधी शेवटाला नेले नाही. संख्या कमी झाली की हात थांबायचा. उरलेल्या शेळ्यांना चारा भरपूर, त्या पुन्हा वाढायच्या. ना जंगल वाचले ना शेळ्या. सत्तर हजार जीव गेले ते अर्धवट मनाने. पुढे १९७० च्या दशकात कुंपणे घातली, एकेक भाग बंद केला, आणि १९८० च्या दशकात शेळ्या जवळजवळ संपल्या. दया म्हणून हात आखडता घेतला की कमी मरतात, असे आपल्याला वाटते. इथे उलटे झाले. ज्याला हे काम करायचे आहे त्याने ते पुरे करायची तयारी ठेवावी, नाहीतर पहिली गोळीसुद्धा झाडू नये.

शेवटच्या काही शेळ्या शोधणे फार कठीण असते. त्यासाठी त्याच उद्यानात एक युक्ती वापरली. एक शेळी पकडायची, तिच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधायचा आणि सोडून द्यायची. शेळीला एकटे राहवत नाही. ती आपल्या सोबतिणी शोधत जाते. मागोमाग माणसे जातात. बाकीच्या मारतात, तिला सोडतात. ती पुन्हा दुसरा कळप शोधते. या शेळीला तिकडे "जुदास" म्हणतात. नाव ऐकून आमच्या बैठकीत शांतता पसरली. काका म्हणाले की युक्ती बरोबर आहे, तिच्यामुळे काम पुरे होते आणि पुढच्या हजारो मरणांची वेळ येत नाही. हिशेब त्यांचा बरोबर आहे. पण नाव चुकीचे आहे, असे आम्हाला वाटते. जुदासला ठाऊक होते तो काय करतो आहे. त्या बिचारीला फक्त सोबत हवी होती. दगा तिने दिलेला नाही. तिच्या सोबतीच्या ओढीचा उपयोग आपण केला. करायचा असेल तर करावा, निदान नाव तरी तिच्या माथी मारू नये.

तारेच्या फाशांविषयी आमचे मत वेगळे आहे. दाट, दुर्गम दऱ्यांत डुकरांसाठी असे फासे लावले जात. जनावर त्यात तासन् तास, कधी दिवसचे दिवस अडकून मरते. १९९० च्या दशकात यावरून तिथे मोठा वाद झाला. माणूस जिथे पोहोचूच शकत नाही तिथे दुसरा उपाय नाही, असे फासे लावणारे म्हणत. आम्हाला हे पटत नाही. जे मरण पाहायला आपण जाऊ शकत नाही, ते देण्याचा अधिकारही आपण जपून वापरावा.

आणि माणसे? मोलोकाईवर सात हजारांच्या आसपास लोक राहतात, त्यांत मूळ हवाईयन पुष्कळ. नोकऱ्या कमी आहेत. १९९४ च्या एका सरकारी अहवालानुसार तिथल्या कुटुंबांच्या अन्नापैकी सुमारे २८ टक्के अन्न ते स्वतः समुद्रातून, रानातून, मळ्यातून मिळवत; हवाईयन कुटुंबांत ते प्रमाण ३८ टक्के होते. त्यात हरणाचे मांस हा मोठा आधार. दुकानात सारे काही जहाजाने येते आणि महाग असते. अशा घरातल्या बापाला जाऊन सांगा की जंगलासाठी हरणे संपवायची आहेत. तो विचारेल, माझ्या मुलांनी काय खायचे? डुकराची शिकार तर त्याच्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली. जंगल त्याचे आहे आणि शिकारही त्याचीच आहे. ज्यांनी जनावरे आणली, ज्यांनी त्यांच्यावर पैसा मिळवला ते निघून गेले, आणि दंड मात्र या माणसाच्या ताटातून वसूल होणार, हा कोंडवाड्याचा न्याय नव्हे.

म्हणून कुंपण हा उपाय आम्हाला त्यातल्या त्यात माणसाला धरून वाटतो. कामाकोऊ डोंगरावर १९८२ पासून सुमारे पावणेतीन हजार एकरांचे राखीव जंगल आहे. वरचे जंगल कुंपणाने बंद करायचे, तिथे खुराचे जनावर नको. खालच्या उतारावर शिकारीला वाव ठेवायचा. सगळे बेट निर्मळ करण्याची भाषा नाही. "इथे नको" एवढेच म्हणणे आहे. हे सोपे नसते. कड्यावर खांब हेलिकॉप्टरने उतरवावे लागतात, एक झाड वादळात तारेवर पडले की एका रात्रीत शेळ्या आत येतात, म्हणून कोणीतरी महिनोन् महिने ती रेषा चालत राहावी लागते. चितळ उंच उडी मारतो, त्याला कुंपणही उंच लागते. खर्च मोठा आहे आणि तो कधी संपत नाही. मालकाने भरायचा दंड तो हाच, असे आम्हाला वाटते. आणि मारलेल्या जनावराचे मांस डोंगरावर कुजू न देता लोकांच्या घरात गेले पाहिजे. शेजारच्या मावी बेटावर आता रात्रीच्या अंधारात, सरकारी निरीक्षक बरोबर घेऊन, चितळांची शिकार होते आणि ते मांस रीतसर विकले जाते. हे चांगले आहे. फक्त एक धोका आहे: ज्याच्यावर धंदा उभा राहतो ते संपावे असे धंद्याला कधी वाटत नाही.

नुसती जनावरे काढली की जंगल आपोआप परत येते, असेही नाही. मावीवर औआही नावाच्या जागी, एका गुरांच्या मळ्यातच, १९९७ साली आर्ट मेडेरोस या वनस्पतिशास्त्रज्ञाने दहा एकरांना कुंपण घातले. जुनी झाडे होती, पण त्यांच्याखाली एक रोप नव्हते. गुरांसाठी आणलेल्या किकुयू गवताची गादीच सगळीकडे पसरलेली. ते आधी मारावे लागले. मग स्वयंसेवकांनी, त्यांत शाळेतली मुलेही होती, हजारो रोपे हातांनी लावली. काही वर्षांनी त्या सावलीत दुर्मीळ झाडांची रोपे कोणी न लावता उगवू लागली. मळ्याच्या मालकाने जमीन दिली, गुरेही बाजूला चरत राहिली. हे वाचून आम्हाला फार बरे वाटले, कारण इथे कोणी कोणाचा शत्रू ठरला नाही.

उलट गोष्टही सांगायला हवी. २००९ साली कोणीतरी मावीवरून चार चितळ हेलिकॉप्टरने मोठ्या बेटावर नेले, रानमेंढ्यांच्या बदल्यात, शिकारीच्या हौसेसाठी. त्या बेटावर तोवर चितळ नव्हते. पुढे संबंधितांवर खटले झाले आणि २०१२ मध्ये असे करण्यावर बंदी घालणारा कायदा आला. तेव्हा जुन्या राजांना आणि कप्तानांना काय कळत होते, असे म्हणून सुटका नाही. ज्यांना सारे काही ठाऊक होते त्यांनीही तेच केले. आपल्या अंदमानातही इंग्रजांनी नेलेले चितळ आज बेटाबेटांवर पोहोचले आहेत. तिथेही वाघ नाही, आणि तिथेही रोपे खाल्ली जात आहेत. हा प्रश्न काही फक्त हवाईचा नाही.

बैठकीच्या शेवटी आम्ही त्या ज्येष्ठ भगिनींना आणखी एक गोष्ट सांगितली. ज्वालामुखींच्या त्या उद्यानात १९६८ च्या सुमारास, शेळ्यांनी पार ओरबाडलेल्या कोरड्या माळावर, एक छोटा तुकडा कुंपण घालून पाहिला होता. बाहेर नुसते खुरटे गवत. आत थोड्याच काळात एक वेल उगवला, आपल्याकडच्या अबईच्या शेंगांच्या कुळातला. तज्ज्ञांनी तपासला तर शास्त्राला तो ठाऊकच नव्हता. त्याला नाव द्यावे लागले. बी मातीत पडून होते. प्रत्येक वेळी कोंब वर आला की शेळी खायची.

भगिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचे कुंपण मला मान्य आहे. पण त्या शेळ्यांच्या नावाने एक दिवस आपण मटण सोडू या." काका हसले नाहीत. त्यांनी कॅलेंडर मागितले.